कुकर फुसफुसतो तेव्हा



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक एका काकूंच्या ओसरीवर भरली होती. वह्या उघडल्या होत्या, कर्जाच्या हप्त्यांचं चाललं होतं, आणि आतून कुकरचा आवाज येत होता. शिट्टीचा नव्हे. नुसताच फुस्स, फुस्स, फुस्स. काकू बोलता बोलता उठल्या, परातीतल्या कणकेचा गोळा घेतला, झाकणाच्या कडेला जिथून वाफ येत होती तिथं थापला, हात पदराला पुसला आणि परत येऊन हप्त्यांचं बोलायला लागल्या. आम्ही बारा-तेरा जणी होतो. कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी हे केलेलं आहे. मी स्वतः वर्षभर केलंय. म्हणून आज त्या कणकेच्या गोळ्याबद्दल बोलायचं ठरवलं.

आधी कुकरच्या आत काय चालतं ते बघू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. खाली जाळ कितीही घाला, पाणी त्याच्या पुढे तापत नाही, नुसतं वाफ होऊन निघून जातं. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी, म्हणून तिथं ते ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये याच्या उलट होतं. वाफ कोंडली जाते, आतला दाब वाढतो, आणि पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. एवढ्या वीस अंशांच्या फरकानं चुलीवर तासभर रटरटणारे हुलगे आणि हरभरे किती लवकर मऊ होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता हा दाब म्हणजे किती? घरगुती कुकरची शिट्टी साधारणपणे एका चौरस सेंटीमीटरला एक किलो इतका दाब झाला की उचलते. चौरस सेंटीमीटर म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढी जागा. तेवढ्या जागेवर एक किलो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण झाकण म्हणजे काही एक नख नव्हे. कुकरचं तोंड २० सेंटीमीटर रुंद असेल, तर त्या झाकणात अशी ३१४ नखं मावतात. म्हणजे झाकणाला आतून ३१४ किलोचा रेटा. सिमेंटची सहा पोती त्या झाकणाला खालून वर ढकलतायत असं समजा. ज्या गटांकडे शाळेच्या पोषण आहाराचं काम आहे आणि ज्यांचा कुकर मोठा आहे, त्यांनी आणखी ऐका. तोंड ३० सेंटीमीटर असेल तर हाच रेटा ७०० किलोंवर जातो. आपण शेजारी बसून कांदा चिरत असतो.

हे भांडं काही कालपरवाचं नाही. डेनिस पापिन नावाचा एक फ्रेंच माणूस इंग्लंडमध्ये जाऊन राहिला होता, त्यानं १६७९ साली असं बंद भांडं बनवून दाखवलं. हाडंसुद्धा त्यात मऊ होत. पण बंद भांड्यात वाफ कोंडली की भांडं फुटण्याची भीती आलीच, म्हणून त्यालाच वजनानं दाबलेली झडप बसवावी लागली. दाब वाढला की झडप उचलायची, वाफ जायची, झडप परत बसायची. आपली शिट्टी म्हणजे तीच झडप. शिट्टी वाजते ती आपल्याला मोजता यावं म्हणून नव्हे, भांडं फुटू नये म्हणून. मोजायचं आपण नंतर शिकलो.

तर कुकरमधून वाफ बाहेर पडायच्या वाटा बघा. पहिली वाट नळीची, तिच्यावर शिट्टी बसते. दुसरी वाट सेफ्टी व्हॉल्व्हची. झाकणात एक बटणासारखं बूच असतं, त्याच्या मधोमध कमी उष्णतेला वितळणारा धातू भरलेला असतो. नळी बुजली, किंवा आतलं पाणी आटून कुकर कोरडा तापला, की तो धातू वितळतो, भोक मोकळं होतं आणि वाफ सुटते. काही कुकरांना तिसरीही वाट असते. झाकणाच्या उभ्या कडेला एक लांबट चीर कापलेली असते. आतला दाब फारच वाढला तर रबराची रिंग त्या चिरेतून बाहेर ढकलली जाते आणि तिथून वाफ मोकळी होते. बऱ्याच जणींना ती चीर म्हणजे झाकण तुटलंय असं वाटतं. तुटलेलं नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. ती बुजवू नका, आणि कुकर चुलीवर ठेवताना चिरेचं तोंड आपल्याकडे येऊ देऊ नका.

या तीन वाटा कंपनीनं दिलेल्या. झाकणाच्या कडेनं फुसफुसतं ती चौथी वाट, ती कुणी दिलेली नाही. तिथं वाफेचं काही काम नाही. तिथून वाफ जाते म्हणजे दाब धरत नाही, शिट्टी होत नाही, आपण जाळ वाढवतो, पाणी आटतं आणि डाळ खाली लागते. गॅस जातो तो वेगळाच. आणि पाणी पुरतं आटलं की दुसरी वाट उघडते, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. म्हणजे कडेची गळती आणि व्हॉल्व्ह उडणं ही दोन दुखणी दिसतात वेगळी, पण पुष्कळदा मूळ एकच असतं. हे मला फार उशिरा कळलं.

माझं सांगते. आमच्या घरी सासूबाईंच्या वेळचा पाच लिटरचा कुकर होता. कडेनं गळायचा. मी कणीक लावायची. मग एकदा व्हॉल्व्ह उडाला, वरणाचे शिंतोडे आढ्याला. नवा बसवला, दोन महिन्यांत तोही उडाला. घरात सगळे म्हणायला लागले, हिला कुकर लावता येत नाही. बाजाराच्या दिवशी मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं व्हॉल्व्ह काढला, त्या भोकात एक पितळी स्क्रू बसवला, मागून नट आवळला आणि म्हणाला, "आता जन्मात उडणार नाही, वहिनी." मी खूश. पैसेही थोडेच घेतले. जातानाच नवी रिंगही घेतली, तीही घट्ट बसली. कडेची गळती थांबली, व्हॉल्व्हची कटकट थांबली. आता विचार करा, त्या कुकरला वाट उरली किती? एकच. नळीची.

पुढं दोन-अडीच महिन्यांनी जाऊबाईंनी त्यात हरभरे लावले. कुकर काठोकाठ भरलेला, घरात पाहुणे होते. हरभऱ्याचं साल नळीत अडकलं. शिट्टी होईना. जाऊबाईंना वाटलं अजून व्हायचीय, म्हणून त्यांनी लाकूड पुढं सारलं. बऱ्याच वेळानं बघायला त्या जवळ गेल्या आणि झाकण एका बाजूनं वाकून उचकटलं. सगळी वाफ आणि गरम पाणी त्यांच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत. तोंडावर आलं नाही एवढंच. घरातल्यांनी हळद लावली. ग्रामीण रुग्णालयात ती हळद धुऊन काढताना त्या ज्या ओरडल्या, ते मी अजून विसरले नाही. पुढच्या सबंध सुगीत त्यांचा हात कामाला नव्हता. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. दुरुस्तीवाल्यालाही नाही. "हरभरे जरा जास्तच घातले मी," एवढंच म्हणतात. पण स्क्रू मी बसवून आणला होता.

त्यानंतर मी झाकणं बघायला शिकले. तालुक्याला भांड्यांचं दुकान आहे, तिथले मालक म्हातारे आहेत, धीराचे आहेत. त्यांनी एकेक सुटा भाग हातात देऊन समजावलं. आता गावात कुणाचा कुकर फुसफुसला की माझ्याकडे येतो. कसं बघायचं ते सांगते, घरच्या घरी होतं.

कुकर गार असू द्या. झाकण काढा, रिंग काढा. रिंग धुवा, पण त्याआधी ती जिथं बसते ती खाच बघा. डाळीचा थर, भाताचा कण, कणकेचा वाळलेला तुकडा, काहीतरी निघतंच. जुन्या दात घासायच्या ब्रशनं खाच गोल फिरून घासा. पितळी किंवा लोखंडी घासणी नको, ॲल्युमिनियमला चरे पडतात आणि चऱ्यातून वाफ जाते. माझ्याकडे आलेल्या पुष्कळ कुकरांचं दुखणं एवढ्यावरच गेलंय. रिंग बदलायलाही लागली नाही.

आता रिंग. रबर काळं असो की पांढरं, त्याचं म्हातारपण दोन तऱ्हांनी येतं. एक तर ते सैल होतं, ताणलं जातं, झाकणाच्या खाचेत बसवलं की लोंबतं. नाहीतर कडक होतं. बोटांमध्ये धरून दुमडून बघा. मऊ रबर निमूट वाकतं आणि सोडलं की लगेच जागेवर येतं. म्हातारं रबर वाकताना बारीक भेगा दाखवतं, किंवा नखानं दाबलेला वळ तसाच राहतो. अशी रिंग बदलायचीच. रोज कुकर लावणाऱ्या घरात साधारण वर्षाला एक रिंग लागते असं धरून चाला, आणि चुलीवर लावत असाल तर आधीच बदलावी लागेल. चुलीचा जाळ कुकरच्या बाजूनं वर चढतो आणि थेट रिंगेला भाजतो. गॅसची ज्योत बुडाखाली राहते. चुलीवर कुकर ठेवायचाच असेल तर लाकडं आत सारून ठेवा, जाळ बुडाच्या बाहेर डोकावू देऊ नका. मुठीही त्यामुळंच जळतात.

रिंग थंड पाण्यात ठेवली की नीट बसते, असं बऱ्याच जणी सांगतात. माठाच्या पाण्यात, नाहीतर फ्रीजमध्ये. ते खोटं नाही. थंडीनं रबर जरासं आखडतं, सैल रिंग त्या वेळेपुरती बसते. पाहुणे दारात असताना करावं. पण रोजच ते करायला लागत असेल तर रिंग संपली असं समजा. रिंगेखाली दोरा गुंडाळणं, कापडाची पट्टी घालणं मात्र नको. दोरा एका जागी रिंग उचलतो आणि शेजारी फट पाडतो.

रिंग चांगली दिसते आणि तरी गळतं, तेव्हा खरी गंमत असते. दोष रिंगेत आहे की भांड्यात, हे कसं ओळखायचं? कुकरमध्ये दोन पेले पाणी घाला, झाकण लावा, मध्यम आचेवर ठेवा. वाफ कुठून येते ते बघायला हात नेऊ नका. वाफ जिथून सुटते तिथं अगदी जवळ ती दिसतही नाही, पांढरा धूर दिसतो तो जरा लांब गेल्यावर. लांब दांड्याचं थंड उलथणं कडेजवळ धरून फिरवा. जिथं त्याच्यावर पाणी जमेल तिथं गळती आहे. सुरुवातीला, दाब धरेपर्यंत, कडेनं थोडी वाफ येणं हा दोष नाही. आतली वाफच रिंगेला रेटून बसवते, त्याला क्षणभर लागतो. पण शिट्टी हलायला लागली तरी कड फुसफुसतेय, तर ती जागा ध्यानात ठेवा, मुठीपासून किती अंतरावर आहे ते बघा. गॅस बंद करा, कुकर पुरता गार होऊ द्या. मग झाकण काढून रिंग तेवढी अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा पाणी तापवा. गळती फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर दोष रिंगेचा. गळती होती तिथंच राहिली तर रिंगेवर पैसे घालू नका, दोष भांड्याच्या काठात किंवा झाकणात आहे.

काठाला पोचे कशानं पडतात? आपणच पाडतो. आमटी ढवळली की डाव काठावर आपटायचा, टक टक. सवयच असते. वर्षानुवर्षं त्याच जागी, कारण आपण उजव्या हातानं ढवळतो आणि कुकर तसाच धरलेला असतो. ज्या कुकरचं झाकण वरून बसतं, त्याचं तोंड सपाट असतं. तो रिकामा कुकर शहाबादी फरशीवर उपडा ठेवा आणि काठाखालून कागद सरकवून बघा. जिथं कागद सहज आत जातो तिथं काठ दबलेला आहे. ज्याचं झाकण तिरपं करून आत घालावं लागतं आणि आतून वर ओढून बसतं, त्याला ही फरशीची परीक्षा लागू नाही, त्याचं तोंड मुळात सपाट नसतं. तिथं बोट फिरवून बघावं लागतं. बोटाला कंगोरा लागला तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासता येतो. पण पोचा हातोडीनं ठोकून सरळ करू नका. ॲल्युमिनियम ठोकून ठोकून ठिसूळ होतं, त्याला केसासारखी चीर पडते. ते काम कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचं, आणि तिथंही पुष्कळदा सांगतात की भांडंच बदला.

मुठींचे स्क्रूही बघा. महिन्यातून एकदा आवळायचे. मूठ हलते म्हणजे झाकण नेमकं जागेवर बसत नाही. वरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरला काठाबाहेर जीभा असतात, झाकण फिरवलं की ते त्यांच्यात अडकतं. त्या झिजल्या असतील, झाकण बंद केल्यावरही डावीउजवीकडे खुळखुळत असेल, तर रिंग कितीही नवी घाला, ती बिचारी काय करणार?

आता नळी. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला सगळ्यात कमी वेळ लागतो. कुकर लावायच्या आधी, दर वेळी, झाकण दाराच्या उजेडाकडे धरून नळीतून बघा. पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसला पाहिजे. धूसर दिसला, अर्धा दिसला, तर सुई घाला किंवा बारीक तार, आणि पाणी ओता. शिट्टीच्या आतही बघा, तिथंही डाळीचा फेस वाळून बसतो. ज्यांची शिट्टी सुटी निघते त्यांनी झाकण लावल्यावर ती लगेच ठेवू नये. नळीतून वाफेची सरळ धार आली की मग ठेवावी. तेवढ्यात नळी मोकळी असल्याची खात्रीही होते.

आणि भरायचं किती? भाजी असेल तर दोन तृतीयांश, त्याच्या वर नाही. भात, डाळ, हरभरा, मटकी, हुलगा, जे फेसाळतं आणि फुगतं, ते पाणी धरून निम्म्याच्या वर नाही. वर चमचाभर तेल घातलं की फेस बसतो. आमच्याकडे त्या दिवशी कुकर काठोकाठ होता.

शिट्टीची एक गोष्ट राहिली. शिट्टी हरवली की शेजारणीच्या कुकरची आणून ठेवतो. बसते, वाजतेही. पण शिट्टीचं वजन आणि नळीच्या भोकाचा आकार यांचा मेळ कंपनीनं घातलेला असतो. भोकाला जड शिट्टी ठेवली तर दाब ठरल्यापेक्षा वर जातो. आणि शिट्टीवर बत्ता किंवा चमचा ठेवून "लवकर शिजतं" म्हणणाऱ्याही मी पाहिल्यात. त्यांच्याबद्दल काय बोलू?

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल एकच सांगते. तो उडाला की कुकर बंद. तो पुन्हा बसवायचा नाही, एम-सीलनं भरायचा नाही, स्क्रू नाही, कथील नाही. त्याच कंपनीचा, त्याच जातीचा नवा बसवायचा, आणि त्याच्याही आधी तो का उडाला ते शोधायचं. नळी बुजली होती का? पाणी कमी पडलं होतं का? कडेनं गळून आटलं होतं का? हे न शोधता बसवला तर माझ्यासारखं होतं, दोन महिन्यांत पुन्हा उडतो आणि माणूस वैतागून तो बुजवायला तयार होतो. आज घरी गेल्यावर झाकण उलटं करून बघा. व्हॉल्व्हच्या जागी नटबोल्ट दिसला, तर त्या झाकणाखाली आज रात्री काही शिजवू नका.

काकूंच्या कणकेबद्दल कुणी विचारेल, त्यानं काही फुटतं का? खरं सांगायचं तर नळी आणि व्हॉल्व्ह मोकळे असतील तर कडेच्या कणकेनं कुकर फुटत नाही. पण कणीक ती बाजूची चीर बुजवू शकते, ती वाळून खाचेत बसते आणि उद्याची गळती तयार करते. आणि मुख्य म्हणजे, फुसफुस बंद झाली की आपण बघायचंच सोडतो.

सुटे भाग घेताना पाच लिटर म्हटलं की झालं, असं नाही. एकाच कंपनीच्या पाच लिटरच्या दोन कुकरांच्या रिंगा वेगळ्या असतात. जुनी रिंग पिशवीत घालून न्या, जमलं तर झाकणच न्या. दुकानातच बसवून बघा. नवी रिंग घट्ट लागते, पाण्याचा हात फिरवला की बसते. आमच्या गटानं एकदा स्वस्त पडतात म्हणून डझनभर रिंगा एकदम आणल्या होत्या. त्यातल्या चार बसल्या. बाकीच्या पोरांनी खेळायला नेल्या. नवा कुकर घेताना आयएसआयची खूण बघा, आयएस २३४७ हा कुकरचा क्रमांक. फेब्रुवारी २०२१ पासून ही खूण नसलेला घरगुती कुकर विकायला बंदी आहे. तरी बाजारात येतातच, म्हणून आपणच बघायचं.

रात्री रिंग काढून, धुऊन, पुसून सावलीत टांगून ठेवा. चुलीच्या भिंतीला नको, उन्हात नको. झाकण घट्ट लावून कुकर फळीवर ठेवला की रिंग रात्रभर दबलेली राहते आणि लवकर मरते. झाकण उपडं ठेवावं.

उघडण्याची घाई करू नका. शिट्टी काट्यानं किंचित उचलून बघा, सूं आवाज आला तर अजून दाब आहे, थांबा. झाकण ओढून निघत नसेल तर ते निघायची वेळ झालेली नाही. फारच घाई असेल तर कुकरच्या अंगावर पाणी ओता, नळीवर नाही. आणि एवढं करूनही कुणाला भाजलंच तर बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांतच सगळ्यांना वाटतं की झालं. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको, तूप नको, फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ ओलसर कापड सैल घालून दवाखान्यात. जास्त असेल, तोंडावर असेल, लेकरू असेल, तर १०८ ला फोन करा.

एका ताईंनी फोनवर विचारलं होतं की कुकर वीस वर्षांचा आहे, अजून चालतो, वापरावा का? वयाचं काही नाही, ताई. बूड फुगून बाहेर आलंय का, आत खड्डे पडलेत का, जीभा झिजल्यात का, काठ वाकडा आहे का, हे बघा. यातलं काही नसेल तर नवी रिंग, नवा व्हॉल्व्ह घालून वापरा. असेल तर बोहारणीला द्या. पातेलं म्हणून ठेवू नका, घरात ठेवला की कुणीतरी एक दिवस त्याला झाकण लावतंच.

काकूंचा कुकर आम्ही त्याच दिवशी बैठक संपल्यावर बघितला. गार होईपर्यंत हप्त्यांचा हिशेबही लागला. कणीक खरवडून काढली. रिंग दिवाळीतलीच होती, चांगली मऊ. दुसऱ्या दिवशी पाणी घालून तापवला, रिंग फिरवली, गळती जागची हलली नाही. काठावर उजव्या हाताला, मुठीपासून चार बोटांवर पोचा होता. डाव आपटायची जागा. झाकण उजेडाला धरलं तर नळीतून मोहरीच्या दाण्याएवढा उजेड दिसत होता. सुईनं तूरडाळीचं साल निघालं, काळं पडलेलं.

काकूंनी आता नवा कुकर घेतलाय, आणि डाव आपटायला एक ताटली ठेवलीय. पुढच्या बैठकीला येताना वहीबरोबर आपापलं झाकण घेऊन या. सुई मी आणते.